धारवाडची वानरे आणि शिशुहत्येचे कोडे

हुबळीच्या कमरीपेठेतून निघून धारवाड ओलांडले आणि पश्चिमेची वाट धरली की पानझडी जंगलाचा प्रदेश सुरू होतो. गोव्याकडे येणाऱ्या प्रवाशाला रस्त्याकडेच्या वानरांच्या टोळ्या काही नव्या नाहीत. प्राणिवर्तनशास्त्रातील एक मोठा वाद मात्र धारवाडच्या अशाच टोळ्यांपासून सुरू झाला.

जपानच्या क्योतो विद्यापीठातील युकिमारू सुगियामा १९६१ साली सहकाऱ्यांसह धारवाडला आले. तेव्हा हा भाग म्हैसूर राज्यात होता. सुमारे दोन वर्षे त्यांनी येथील टोळ्यांचा माग ठेवला. बहुतेक टोळ्यांत एकच प्रौढ नर, म्हणजे आपला हुप्प्या, आणि त्याच्याभोवती अनेक माद्या व पिल्ले असत. टोळीबाहेरचे नर स्वतंत्र गटाने हिंडत. १९६२ मध्ये अशा एका गटाने एका टोळीवर चाल करून जुन्या हुप्प्याला हुसकावले. शेवटी त्या गटातील एकच नर टोळीत उरला. त्यानंतर टोळीतील पिल्ले एकामागून एक चाव्यांनी मेली आणि त्यांच्या माता लवकरच माजावर आल्या.

हा अपघात समजावा काय? सुगियामांनी दुसऱ्या एका टोळीतील हुप्प्या मुद्दाम काढून नेला. बाहेरचा नर आत शिरला आणि तेथेही पिल्ले मारली गेली. हुप्प्या फक्त नर पिल्ले मारतो, ही खेड्यापाड्यांतील जुनी समजूत. पुढील अभ्यासांत मात्र मादी पिल्लेही बळी पडल्याचे दिसले.

१९६५ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले, तरी ते सहज स्वीकारले गेले नाही. प्राणी आपल्या समूहाच्या हितासाठी वागतात, असा तेव्हाचा समज होता. गर्दीमुळे आणि माणसाच्या सान्निध्यामुळे बिघडलेले हे वर्तन असावे, असे काहींनी म्हटले. १९७१ पासून माऊंट अबू येथे वानरांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधिका सारा ब्लॅफर हर्डी यांनी वेगळे उत्तर दिले. पिल्लू अंगावर पीत असेतो मादी सहसा पुन्हा गाभण राहत नाही आणि हुप्प्याची सत्ता तर फार काळ टिकत नाही. परक्याचे पिल्लू मारले की स्वतःची संतती लवकर होते. यात माद्याही निमूट नसतात. बाहेरच्या नरांशीही संग करून त्या पितृत्वाचा संभ्रम निर्माण करतात, असे हर्डी यांचे म्हणणे. खरा पुरावा १९९९ मध्ये नेपाळमधील रामनगर येथून आला. मारेकरी नर मेलेल्या पिल्लांचे बाप नव्हते, हे डीएनए तपासणीत आढळले.

मेंदूत काय घडते, याची उत्तरे अद्याप मुख्यतः उंदरांवरून मिळतात. हार्वर्डच्या कॅथरीन द्युलाक यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये दाखविले की, मेंदूच्या तळाकडील हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातील ठरावीक पेशी उद्दीपित केल्यास पिल्लांवर तुटून पडणारा नर हल्ला थांबवून त्यांना चाटू लागतो. वानराच्या मेंदूबद्दल यावरून थेट अनुमान काढणे घाईचे ठरेल. रानातल्या वानराच्या मेंदूत डोकावणे सोपे नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. पी. अरुण यांच्या गटाने मात्र २०२१ मध्ये एक वाट दाखविली. आपल्याकडील लाल तोंडाच्या माकडांना जखडून न ठेवता, मोकळ्या आवारात टचस्क्रीनवर कामे शिकविण्यात आली. दोन नवख्या माकडांनी काही भाग इतरांचे पाहून, तर काही स्वतः धडपडून आत्मसात केला.

गोव्यातील बागायतदारांच्या दृष्टीने धारवाडचा प्रयोग आजही कामाचा आहे. उपद्रव वाढला की टोळीतला दांडगा नर पकडून दूर सोडा, अशी मागणी होते. तसे केल्याने जागा रिकामी राहत नाही. नवा नर येतो, आणि त्या काळात सर्वाधिक धोका अंगावर पिणाऱ्या पिल्लांना असतो. तेव्हा पिंजरा लावण्यापूर्वी टोळीत अशी पिल्ले किती आहेत, हे मोजणे आवश्यक ठरते.