कणकेचा गोळा

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते. त्याशिवाय खर्ज बसत नाही. आमच्या खोलीत चूल नव्हती, म्हणून कणीक खानावळीच्या मावशींकडून यायची. शनिवारच्या डब्यात चपात्यांखाली, ओल्या फडक्यात, लिंबाएवढा गोळा. महिन्याच्या हिशेबात तो त्यांनी कधी धरला नाही.

मी कणकवलीकडचा. १९७१ साली लालबागला आलो, तेव्हा आमच्या गावाची खोली होती दहा बाय बारा आणि माणसं अठरा. पाळ्या तीन होत्या म्हणूनच मावत. सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, मग रातपाळी. एक उठला की त्याच अंथरुणावर दुसरा. मी गिरणीत आधी बदली, चार वर्षांनी साचेखात्यात कायम. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. माझे काका त्याच खात्यात. त्यांचं म्हणणं एकच, ‘डाग राहिलेलं कापड बाजारात आपलं नाव सांगत फिरतं.’ खोलीच्या भजनी मंडळाचे बुवाही तेच, आणि तिथेही तसेच. माझा हात मात्रा सोडून पडला की टाळ थांबायचे.

या भजनाला वेळ कुठून मिळाला, हे मला फार उशिरा, युनियनच्या एका पुस्तिकेत कळलं. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली. त्यानंतरची पस्तीसेक वर्षं आठवड्याची हक्काची सुटी अशी नव्हतीच. नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर राहिलेले, जोतीराव फुल्यांच्या चळवळीतले, ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज गेला. मागण्या काय, तर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर. रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी. एका सुटीसाठी सहा वर्षं.

पुढे तर आणखी गंमत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचं बंधनच गेलं. कामाचे तास चौदा-पंधरावर गेले. दिवा आला की माणसाचं भलं होतं असं आपण धरून चालतो, म्हणून हे सांगितलं. मग संपांवर संप, कायद्यांवर कायदे, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात आठवड्याला ४८ तास. आमच्या साडेतीनच्या भोंग्यामागे एवढं सगळं होतं. त्या भोंग्यानंतर कोणी कबड्डीच्या मैदानावर जाई, कोणी दामोदर हॉलमध्ये नाटकाच्या तालमीला, कोणी हनुमान थिएटरात तमाशाला. आम्ही खोलीत टाळ काढत असू.

एकदा माझ्याकडून घोटाळा झाला. भजनाच्या डबलबारीचा सामना होता. दुसरी पाळी बदलून मी पहाटेपर्यंत वाजवलं आणि बोटं सुजलेली तशीच घेऊन सातला साच्यावर उभा राहिलो. डोळा लागला असणार. ताण्याचा एक धागा तुटलेला तसाच चालत राहिला आणि कापडभर रेघ उतरली. पगारातून दंड कापला गेला, ते ठीक. पण काकांनी त्या संध्याकाळी पखवाज उचलून वरच्या खुंटीला टांगला. ‘महिनाभर हात लावायचा नाही. साच्यावरची झोप भजनात चालायची नाही आणि भजनातली साच्यावर.’ मला तेव्हा हा अन्याय वाटला. सामना जिंकलो होतो आम्ही! आता वाटतं, खोलीत एवढा रागावण्याचा अधिकार त्यांनाच होता, कारण रेघ त्यांनाही माझ्याइतकीच लागली होती. त्या महिन्यात मावशींकडून गोळा मात्र येत राहिला. मी त्याची चपाती भाजून आणायचो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. काका गावी गेले ते परतले नाहीत. खोलीतली भांडी विकली, पखवाज विकला नाही. गिऱ्हाईक आलं नव्हतं हेही खरं. मी पुढे एका इमारतीचा वॉचमन झालो. बारा तासांची ड्युटी, रविवार धरून. लोखंड्यांचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

नातवाच्या कंपनीत परवा ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर व्याख्यान झालं, शनिवारी, सुटीच्या दिवशी. तो सांगताना हसत होता, मी हसलो नाही.

एकादशीला आम्ही अजून बसतो, चाळीच्या खालच्या मजल्यावर. कणीक आता सूनबाई देते. पूर्वी नऊला नमन व्हायचं आणि बाराच्या भोंग्याला दुसऱ्या पाळीचे लोक सुटून गजराला पोचायचे, डोक्याला कापसाची तूस तशीच. आता झांजेला बदलापूरचा एक पोरगा येतो. अकरा वाजले की मोबाइल बघतो आणि माझ्या कानाशी वाकतो, ‘आजोबा, गौळण आवरती घ्या, शेवटची लोकल आहे.’