टाकून दिलेल्या गाण्यांचे मोल

परदेशात गेल्या तीन-चार दशकांपासून एक प्रथा रूढ झाली आहे. एखाद्या नामवंत गायकाचे गाणे स्टुडिओत तयार होत असताना जे टेक बाद ठरले, जे मध्येच सुटले, ज्यात शब्द चुकला किंवा ठेका बदलून पाहिला, ते सारे तळघरातून बाहेर काढायचे, पेटीत भरायचे आणि रसिकांना विकायचे. बीटल्स या इंग्रजी चमूची अशी ध्वनिमुद्रणे १९९५-९६ मध्ये तीन भागांत निघाली. अमेरिकन कवी-गायक बॉब डिलन याच्या १९६५-६६ या दोनच वर्षांतील ध्वनिमुद्रणांचा बॉक्स सेट २०१५ मध्ये निघाला. त्याच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीत १८ तबकड्या आहेत आणि त्यांतील एक संपूर्ण तबकडी एकाच गाण्याच्या टेकना दिलेली आहे.

अशा पेटीतून ऐकणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडते? गायकाने स्वतः जे बाजूला सारले, ते आपण ऐकावे का? हा प्रश्न परक्यांचा वाटेल, पण तो आपल्याही दारात उभा आहे.

प्रथम या व्यवहारातील व्यापार ओळखून घ्यावा. २०११ मध्ये युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षे केली. मात्र जे गाणे ५० वर्षांत प्रसिद्धच झाले नाही, त्याला हा लाभ नव्हता. म्हणून २०१२ च्या अखेरीस डिलनच्या जुन्या अप्रसिद्ध ध्वनिमुद्रणांच्या सुमारे शंभरच प्रती युरोपात काढण्यात आल्या आणि त्या संचाच्या नावातच हक्क वाढवल्याचा उल्लेख होता. तेव्हा प्रत्येक पेटी रसिकांच्या प्रेमापोटीच निघते, असे समजण्याचे कारण नाही.

तरीही त्या पेटीत शिकण्यासारखे असते. ज्या गाण्याला स्वतंत्र तबकडी मिळाली, ते पहिल्या दिवशी तीन मात्रांच्या संथ चालीत गायले जात होते. ते जमले नाही. दुसऱ्या दिवशी चाल बदलली आणि चौथ्या टेकला गाणे साधले. जगाने ऐकला तो हाच टेक. पण साधले आहे हे त्या खोलीत तेव्हा कोणालाच कळले नसावे, कारण त्यानंतरही त्यांनी दहाहून अधिक टेक केले. हे कळायला ती तबकडी ऐकावी लागते. गाणे आकाशातून उतरत नाही, घासून घासून तयार होते, हा धडा शिकणाऱ्याला मिळतो. ज्याला फक्त गाणे हवे आहे, त्याला मात्र वीस वेळा तेच ऐकून कंटाळा येईल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

उर्दू शिकवणाऱ्यांना हा वाद नवा नाही. मिर्झा गालिब यांचा दीवान १८४१ मध्ये प्रथम छापला गेला, तेव्हा तरुणपणीचे ढीगभर शेर त्यांनी स्वतःच गाळून टाकले होते. पुढे भोपाळला एक जुने हस्तलिखित सापडले आणि १९२१ मध्ये ते 'नुस्खा-ए-हमीदिया' या नावाने छापून आले. गाळलेले शेर पुन्हा लोकांपुढे आले. उस्तादाने फेकलेले तुम्ही का उचलता, असे विचारता येते. पण त्या अवघड, फारसीने लदलेल्या शेरांमुळेच गालिब कोठून निघाले आणि कोठे पोहोचले, हे समजले.

यावर सर्वांत शहाणा तोडगा रामपूरच्या रझा ग्रंथालयाचे इम्तियाज अली अर्शी यांनी काढला. १९५८ च्या आपल्या आवृत्तीत त्यांनी काव्याचे तीन भाग केले. कवीने नाकारलेले आरंभीचे काव्य एका भागात, कवीने मान्य केलेला दीवान दुसऱ्यात आणि इतरत्र विखुरलेले तिसऱ्यात. काहीही फेकले नाही आणि कशाची सरमिसळही केली नाही. आमच्या मते कोणत्याही बॉक्स सेटला हीच कसोटी लावावी.

आता आपल्या मुलखाकडे वळू. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांनी महाराष्ट्राला आपले केले, मिरजेत घर केले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या सावलीतच ते चिरविश्रांती घेत आहेत. खाँसाहेबांची पहिली ध्वनिमुद्रणे १९०५ ची. त्यानंतरची प्रसिद्ध मुद्रणे १९३० च्या दशकाच्या मध्यावरची, ज्यांत झिंझोटीतील ठुमरी आहे आणि मराठी नाट्यपदेही आहेत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात सारे सांगायचे होते. खाँसाहेबांनी त्या वेळी किती वेळा गायले असेल, कोणता टेक नापसंत केला असेल?

ते आता कधीच ऐकता येणार नाही. त्या काळी मेणाच्या जाड चकतीवर सुईने आवाज कोरला जाई. ते मेण वाजवून पाहिले तर कोरीव रेषा बिघडत. पसंत पडलेले मेण साचा करण्यासाठी कारखान्यात जाई. १९०८ पूर्वी तर हा प्रवास थेट जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत होता. जे नापसंत पडे, ते खरवडून पुन्हा गुळगुळीत करता येई आणि त्यावर दुसरे गाणे भरता येई. म्हणजे आमच्या उस्तादांचे बाद टेक तळघरात पडून राहिले नाहीत, ते मेणाच्या भुशाबरोबर झाडून टाकले गेले. अल्लादिया खाँसाहेबांची (१८५५-१९४६) तर एकही तबकडी बाजारात आली नाही. डिलनच्या रसिकाला १८ तबकड्यांचा कंटाळा येऊ शकतो. आपल्याला कंटाळण्याचीही सोय नाही.

मात्र आमच्याच पुणे जिल्ह्यात एक काम असे झाले आहे की ज्यापुढे मोठमोठ्या पेट्या लहान वाटाव्यात. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण भारताचे नागरिक झालेले गी पॉइटवां यांनी पुण्याच्या आपल्या संस्थेमार्फत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशी, मावळ, शिरूर अशा तालुक्यांतील गावांपासून पुढे महाराष्ट्रभर हे काम पसरले आणि लाखाहून अधिक ओव्या लिहून झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने बायांचे आवाजही मुद्रित झाले. २०१७ पासून ग्रामीण भारताचा संग्रह करणाऱ्या 'पारी' या संकेतस्थळाने ते आवाज, शब्द आणि गाणाऱ्या बायांची नावे लोकांपुढे ठेवली.

या संग्रहात एकच ओवी वेगवेगळ्या बायांच्या तोंडी थोडी थोडी बदलून येते. कोणी भावाचे नाव घालते, कोणी गावाचे. यातला पसंत टेक कोणता आणि बाद कोणता? तसे काही नाहीच. सगळ्या मिळूनच ती ओवी होते. येथे निवड केली असती तर गाणेच मेले असते.

जात्याशी आपलेही जुने नाते आहे. विजापूरच्या सूफींनी दखनीत चक्कीनामे आणि चर्खानामे रचले. दळणाऱ्या, सूत कातणाऱ्या बायांच्या ओठांवर अल्लाहचे आणि पीराचे नाव यावे, हा त्यामागचा हेतू. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात त्याची नीट दखल घेतली आहे. इस्लामचा संदेश दख्खनच्या घराघरांत तलवारीने नव्हे, तर जात्याच्या घरघरीबरोबरही पोहोचला, हे सांगणारा यापेक्षा घरगुती पुरावा कोणता?

आता घरची एक गोष्ट. आम्ही शिरूरचे, जुन्या माणसांच्या भाषेत घोडनदीचे. आमचे मामू दौंडला राहतात. मागे त्यांच्या माळ्यावरून कॅसेटची एक गोणी खाली काढली. उर्सातल्या कव्वाल्या, लग्नातले सेहरे, मिलादच्या नाअत. बहुतेकांवर नाव नाही, साल नाही. एका कव्वालाचा आवाज ऐकून आम्ही थक्क झालो, पण तो कोण, कोठला, हे मामूंनाही आठवेना.

त्यातच एक कॅसेट नानीची निघाली. मामूंनी हौसेने टेपरेकॉर्डर लावून तिला जात्यावरचे गायला बसवले होते. नानी दोन ओळी अर्ध्या मराठीत, अर्ध्या दखनीत गाते, अडखळते आणि म्हणते, "थांब रे बाबा, चुकलं. बंद कर ते." मामू बंद करीत नाहीत. ती हसते, सुनेला हाक मारते, दूध उतू जातंय म्हणून सांगते आणि मग पुन्हा पहिल्यापासून गाते. दुसऱ्या खेपेला गाणे बिनचूक आहे. पण घरात जो तो मागतो, ती पहिली खेप. नानीला जाऊन आता बरीच वर्षे झाली. बिनचूक गाण्यात तिची कला आहे, चुकलेल्यात ती स्वतः आहे.

ती कॅसेट पुढे अर्ध्यावर पुसली गेली आहे. कोणीतरी तिच्यावर रेडिओवरची सिनेमाची गाणी भरून घेतली. त्यात रागावण्यासारखे काय? तेव्हा कोरी कॅसेट सगळ्यांनाच महाग होती. मेण खरवडणाऱ्यांनीही हेच केले होते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. बाद टेकची पेटी सर्वांसाठी नसते. ती शिकणाऱ्यासाठी असते आणि ज्यांचे माणूस त्यात आहे त्यांच्यासाठी असते. बाकीच्यांनी तयार गाणे ऐकावे आणि सुखी राहावे. मात्र निवड करण्याचा हक्क पुढच्या पिढीला तेव्हाच मिळतो, जेव्हा मागच्या पिढीने जपून ठेवलेले असते. आणि जपणे म्हणजे नुसती गोणी भरणे नव्हे. कोण गाते, कोठे, कोणत्या साली, एवढे तीन शब्द चिठ्ठीवर लिहिले नाहीत तर पेटी आणि भंगार यांत फरक उरत नाही.

यंदा आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही सुट्टीचा अभ्यास दिला तो हाच. दादी-नानीला बोलते करा, गाते करा, मोबाइलवर भरून घ्या. त्या चुकल्या तर बंद करू नका. आणि नाव, गाव, तारीख अगोदर लिहा. वाचकांच्या माळ्यावरही अशी एखादी गोणी असेल. पावसाळ्यापूर्वी ती खाली काढावी आणि ज्यांना त्यातले आवाज ओळखता येतात, ती माणसे घरात आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून ऐकावी.