‘सार्वजनिक सुरक्षितता’: दोन शब्दांचा १३८ वर्षांचा प्रवास

१/९
११ मे १८५७. दिल्लीहून अंबाल्याला गेलेल्या तारेने उठावाची वार्ता पंजाबातील इंग्रज अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवली. तारायंत्र हे सत्तेचे शस्त्र ठरू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

२/९
पुढे १८८५ चा भारतीय तार कायदा आला. ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवल्यास किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितते’साठी कोणाचाही संदेश अडवण्याचा अधिकार कलम ५ ने सरकारला दिला. या दोन्ही संज्ञांची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती.

३/९
स्वातंत्र्यानंतर राज्यघटना आली, तरी हे कलम टिकले. तारेसाठी रचलेली तरतूद आता दूरध्वनीलाही लागू होत होती. १९५४ आणि १९६२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले नाही.

४/९
राजकीय नेत्यांचे फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणातून ‘पीयूसीएल’ ही संस्था न्यायालयात गेली. डिसेंबर १९९६ च्या निकालाने अंकुश घातला: आदेश गृहसचिवांचाच हवा, मुदत दोन महिने, वाढवली तरी सहा महिन्यांपलीकडे नाही, आणि प्रत्येक आदेशाची छाननी समितीकडून. न्यायाधीशांची पूर्वपरवानगी मात्र बंधनकारक झाली नाही.

५/९
२६ नोव्हेंबर २००८. मुंबईवरील हल्ल्यात दहशतवादी इंटरनेटद्वारे होणाऱ्या कॉलवरून सूत्रधारांच्या सूचना घेत होते. यंत्रणांनी हे संभाषण पकडले आणि पुढे खटल्यात तेच महत्त्वाचा पुरावा ठरले. पाळतीची गरज नाकारणे सोपे नाही, ते यामुळेच.

६/९
त्याच डिसेंबरात संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती फारशा चर्चेविना संमत केली. नव्या कलम ६९ मध्ये आणीबाणीची अट उरली नाही; कोणत्याही गुन्ह्याचा तपास हे कारणही पुरेसे झाले. सोबत आले कलम ६६अ: ऑनलाइन मजकुराने ‘त्रास’ वा ‘गैरसोय’ झाली, तरी तीन वर्षांपर्यंत कैद.

७/९
नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणारी एक तरुणी आणि त्या मजकुराला ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरमध्ये अटक झाली. दहशतीच्या छायेत संमत झालेल्या दुरुस्तीचे हे कलम एका ‘लाइक’पर्यंत पोहोचले होते.

८/९
२४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. कलम ६९ मात्र कायम आहे.

९/९
२०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ च्या कायद्याची जागा घ्यायचे ठरवले. पण संदेश अडवण्याच्या कलमात ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ तेच शब्द पुन्हा अवतरले. आदेश देणारे सचिव शासनाचे, छाननी करणारेही शासनाचेच. पाळत असावी की नसावी, हा प्रश्न २६/११ ने बहुतांशी निकालात काढला. पाळत ठेवणाऱ्यावर नजर कोणाची, हा प्रश्न मात्र तारेच्या काळापासून अनुत्तरित आहे.