देश सोडणाऱ्यांचे मन

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेचे डोंगर व समुद्र सोडून असंख्य कुटुंबे अमेरिकेत, मिनेसोटाच्या सपाट माळरानावर शेती करावयास गेली. त्यांच्यापैकी काहींना पुढे रॉचेस्टर येथील वेड्यांच्या सरकारी इस्पितळात दाखल व्हावे लागले. ओडेगार्ड या नॉर्वेजियन डॉक्टराने तेथील नोंदी तपासून १९३२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. छिन्नमनस्कतेचे प्रमाण या लोकांत मिनेसोटात जन्मलेल्यांपेक्षा, इतकेच नव्हे तर मायदेशी राहिलेल्या नॉर्वेजियनांपेक्षाही अधिक होते. मुळात अस्थिर वृत्तीची माणसेच देश सोडतात, असा त्याने कयास बांधला.

आसरा देणाऱ्या देशाला हा कयास फारच सोयीचा! आम्हांस तो पटत नाही. पण नुसत्या न पटण्याला किंमत काय? पुरावा हवा. कँटर-ग्रे व सेल्टन यांनी २००५ साली १८ अभ्यास एकत्र केले. इतरांच्या मानाने हा रोग स्थलांतरितांत २.७ पट, आणि त्यांच्या मुलांत ४.५ पट आढळला. या मुलांनी तर देश सोडलाच नव्हता!

दक्षिण लंडनमधील कँबरवेल भागात २००१ साली दिसले ते याहून बोलके आहे. गौरेतर लोकांची वस्ती जेथे विरळ, तेथेच त्यांच्यात हा रोग अधिक. जेथे ती दाट, तेथे कमी.