मुंबईत दिसलेला ध्रुवीय प्रकाश

२०२४ सालच्या मे महिन्यात लडाखमधल्या हानले येथे रात्रीच्या आकाशात तांबडा उजेड दिसल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या बेळगावात एकच प्रश्न ऐकू येत राहिला, "मग आपल्याकडे का नाही दिसत?" विचारणाऱ्यांत मराठी होते तसे कानडीही होते. एका गृहस्थांनी तर, येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून पाहिले तर काही दिसेल काय, अशी चौकशी केली. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण ज्या मुंबईत आपल्या घरचे कोणी ना कोणी नोकरीधंद्यासाठी गेलेले असते, त्या मुंबईत हा प्रकाश एकदा दिसलेला आहे. साल १८७२. त्याची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण त्याआधी थोडा हिशेब मांडायला हवा.

सूर्यावरून विद्युत्भारित कणांचा लोट सुटतो, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ माजवतो, आणि त्या खळबळीत काही कण ध्रुवांभोवतीच्या कड्यात वरच्या हवेवर येऊन आदळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर प्राणवायू हिरवा उजळतो, दोनशे ते चारशे किलोमीटरांवर तोच तांबडा दिसतो. निळ्या-जांभळ्या छटा नायट्रोजनाच्या. एरवी हे कडे उत्तर नॉर्वे, अलास्का, सैबेरिया यांच्या डोक्यावर असते. वादळ जितके मोठे, तितके ते विषुववृत्ताकडे सरकते.

आता पृथ्वी गोल असल्यामुळे दूरच्या डोंगराचे जसे फक्त शिखर दिसते, तसा दूरच्या प्रकाशाचा वरचा, म्हणजे तांबडाच भाग क्षितिजावर दिसतो. चारशे किलोमीटर उंचीवरचा उजेड फार तर सव्वादोन हजार किलोमीटरांवरून, म्हणजे सुमारे वीस अक्षांश दूरवरून, क्षितिजाला टेकलेला दिसेल. बेळगाव सोळा अक्षांशावर. तेव्हा राजहंसगडावरून लाली दिसायची, तर प्रकाशाचे कडे काश्मीरच्याही उत्तरेला, काराकोरमच्या डोक्यावर यायला हवे. ग्वाल्हेरकरांना त्यासाठी दहा अंश कमी पुरतील. इंदूर आणि बडोदेकरांना सहा-सात.

त्यातही आपल्या नशिबी एक आडकाठी आहे. चुंबकीय ध्रुव भूगोलातल्या ध्रुवाशी जुळत नाही, तो कॅनडाच्या बाजूला कललेला आहे. त्यामुळे अमेरिकेतली गावे चुंबकीय हिशेबात असतात त्यापेक्षा उत्तरेला जातात आणि आपण दक्षिणेला ढकलले जातो. बेळगावचा चुंबकीय अक्षांश सुमारे आठ. चुंबकीय विषुववृत्त तर भारताच्या दक्षिण टोकाजवळूनच जाते. १९६३ साली अग्निबाण सोडण्यासाठी थुंबा निवडले ते याच कारणाने.

एवढे वाचून कोणीही म्हणेल, सोडा तो नाद. पण इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

मुंबईच्या कुलाब्यावर ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली, ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. १८४१ पासून एल्फिन्स्टन विद्यालयातले प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही या वेधशाळेचे काम काही काळ होते. आणि याच सुमारास अलिबागजवळच्या नागावचा एक मुलगा तिथे साहाय्यक म्हणून नोकरीला लागला. तोच पुढे केरूनाना छत्रे म्हणून सर्वांना ठाऊक झाला, 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहून गेला आणि डेक्कन कॉलेजात टिळकांचा गुरू झाला. टिळकांनी १९०३ साली 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात ध्रुवप्रदेशातल्या दीर्घ उषांचा जो पट मांडला, त्याविषयी मतभेद पुष्कळ आहेत आणि असावेत. पण ग्रहगणिताची गोडी कुठून कुठे वाहत गेली, ते पाहताना मला नेहमी कुलाब्याची ती बैठी इमारत आठवते.

काम काय होते? धाग्यांनी टांगलेला चुंबक, त्याला लावलेला आरसा, आणि दुर्बिणीतून आरशात दिसणारी मोजपट्टी. दर तासाला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. रात्री, पावसात, सणावारी. चुंबक चुळबुळ करू लागला की काही मिनिटांच्या अंतराने वाचत राहायचे. याहून कंटाळवाणी नोकरी शोधून सापडायची नाही.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत असताना त्याला डागांच्या एका समूहावर डोळे दिपवणारा पांढरा स्फोट दिसला. साडेसतरा-अठरा तासांत वादळ पृथ्वीवर येऊन थडकले. क्यूबा, पनामा, हवाईपर्यंत आकाश पेटले. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून नुसत्या आकाशातल्या विजेवर एकमेकांशी तारेने गप्पा मारल्या. युरोपातल्या वेधशाळांची यंत्रे मोजपट्टीच्या बाहेर गेली.

कुलाब्यात तो २ सप्टेंबरचा सकाळचा प्रहर. पंचांगाचा हिशेब मांडला तर भाद्रपद शुद्धाचा पहिला आठवडा येतो, म्हणजे गावात घरोघरी गणपती बसलेले असणार. वेधशाळेत मात्र कोणीतरी दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. सूर्य वर चढत होता आणि चुंबकाचा आडवा जोर कोसळत होता. दुपार होण्याआधीच तो सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी उतरला, म्हणजे एरवीच्या मूल्याच्या चार टक्क्यांनी. चार टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. १९८९ च्या मार्चमधल्या ज्या वादळाने कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालवली, त्याचा आकडा सहाशेच्या आत आहे.

मुंबईकरांनी त्या दिवशी काहीच पाहिले नाही. दिसणार कसे? भर दिवस होता. इतिहासातले सर्वांत मोठे म्हणून नोंदलेले चुंबकीय वादळ मुंबईच्या डोक्यावरून उन्हात निघून गेले आणि मागे राहिली ती फक्त वहीतली आकड्यांची ओळ. त्या ओळीकडे जगाचे लक्ष नीट गेले ते २००३ साली. त्सुरुतानी, गोन्झालेस, लखीना आणि ॲलेक्स या चौघा शास्त्रज्ञांनी, त्यांतले दोघे आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे, कुलाब्याच्या जुन्या वहीवरून त्या वादळाचे मोजमाप प्रसिद्ध केले. तासाची सरासरी घेतली की सोळाशेचा आकडा बराच खाली येतो, म्हणून त्यावर अजून वाद चालतो. पण वादाला आधार कुलाब्याचाच घ्यावा लागतो. आकडे लिहिणाऱ्या त्या साहाय्यकाचे नाव चारचौघांत कोणी घेत नाही. कॅरिंग्टनचे नाव मात्र वादळालाच मिळाले. मला हे खटकते, आणि ते मी लपवणार नाही.

आता १८७२. ४ फेब्रुवारी, रविवार; शके १७९३, पौष वद्य. अमावास्येला चार-पाच दिवस उरलेले, त्यामुळे चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता. हिवाळ्याचे आकाश, आणि मुंबईत विजेचे दिवे अजून आलेले नव्हते. यावेळी वादळाचा भर आपल्या बाजूच्या रात्री आला. सूर्य मावळल्यावर उत्तरेला फिकट उजेड दिसू लागला, तो रंग बदलत राहिला, पहाटे तीनच्या सुमारास गडद जांभळा झाला आणि सोमवारी उजाडेपर्यंत टिकला, असे वृत्त त्याच आठवड्यात मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त आले. १८७० साली टाकलेल्या मुंबई-एडन समुद्री तारेवर आणि सरकारच्या जमिनीवरच्या तारांवरही संदेश बिघडले. त्याच रात्री सुदानातल्या खार्टूमलाही प्रकाश दिसला. कुलाब्याचे चुंबक तेव्हाही हलले. त्या नोंदींवरून अलीकडे काढलेला अंदाज आठशेच्या पुढे जातो.

मुंबईचा चुंबकीय अक्षांश तेव्हा सुमारे दहा होता. इतक्या खाली, तारीख-वेळेसह छापून आलेली आणि तारायंत्राने व चुंबकाने दुजोरा दिलेली दुसरी नोंद जगात क्वचितच सापडेल. हा दुजोराच महत्त्वाचा. लाल आकाशाचे उल्लेख आपल्याकडे पूर्वापार आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर 'दिग्दाह' या उत्पातावर स्वतंत्र अध्यायच आहे. काही उत्साही मंडळी त्या प्रत्येक दिग्दाहाला ध्रुवीय प्रकाश ठरवतात. मला ते पटत नाही. वणव्याने, धुळीने आकाश लाल होते. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर आपल्या देशात सूर्य हिरवा-निळा दिसला आणि संध्याकाळी भडक रंगल्या, त्यात चुंबकीय वादळाचा काही संबंध नव्हता.

कुलाब्याच्या वेधशाळेचा पुढचा अध्याय ट्रामने लिहिला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसताच चुंबकाची मोजणी तिथे चालणार नाही, हे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, दोन वर्षे दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले, आणि १९०६ साली कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. १९०७ मध्ये ट्राम धावली. केरूनानांच्या नागावापासून थोड्याच अंतरावर ती नोंद अजूनही अखंड चालू आहे. सूर्याकडे पाहणारे आपले आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटले. तारीख योगायोगाने तीच, चुंबक कोसळल्याची.

तेव्हा बेळगावकरांच्या प्रश्नाला उत्तर काय? १८५९, १८७२ आणि १९२१ ची वादळे एका तोलाची धरली तर पावणेदोनशे वर्षांत तीन. २०१२ च्या जुलैमध्ये तसाच एक लोट सुटला होता, पण तो पृथ्वीला चुकवून गेला. ज्या वादळाने हानलेच्या क्षितिजावर लाली आणली, ते चारशेच्या घरातले; आपल्याला त्याच्या दुप्पट हवे. त्याचा भर आपल्या रात्री यायला हवा, म्हणजे निम्मे गेले. जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला आकाशच दिसत नाही, म्हणजे आणखी तिसरा हिस्सा गेला. उरलेल्यात चांदणे नको, आणि उत्तरेला शहराच्या दिव्यांचा भगभगाट नको. हानलेची लाली तर मुख्यतः कॅमेऱ्यांनी टिपलेली. साध्या डोळ्याला इतकी फिकट लाली सहसा उमगत नाही. एका माणसाच्या आयुष्यात हा योग येण्याचा संभव फारच थोडा, पण शून्य नव्हे. मोठ्या वादळाची बातमी आली तर रात्री दिव्यांपासून लांब जाऊन उत्तरेला तोंड करून अर्धा तास उभे राहावे. थंडीच्या दिवसांत त्याने काही बिघडत नाही.

त्याहून जवळचा संभव निराळाच आहे. आपल्या भागात इनामदारांकडे, जुन्या पेढ्यांवर, भिक्षुकांच्या घरी अजून मोडी रोजकीर्दी, पंचांगे, टिपणे जपून ठेवलेली आहेत. कित्येकदा समासात पाऊस, ग्रहण, धूमकेतू यांच्या नोंदी असतात. ज्यांच्या घरी शके १७९३ चे बाड असेल त्यांनी पौष वद्य दशमी-एकादशीच्या आसपासचे पान काढावे. मोडी लागत नसेल तर वाचून देणारे जाणकार बेळगाव-निपाणीकडे आजही आहेत. उत्तरेला तांबडे दिसले, एवढे तीन शब्द जरी सापडले, तरी ते पान वाळवीच्या हवाली करू नका. त्याचे छायाचित्र काढा, तिथी नीट लिहून ठेवा आणि अंकाच्या पत्त्यावर कळवा.