ट्रॅक्टरचा काटा हिरव्यात, तरी इंजिन जळतं कसं? टेंपरेचर गेज कसं काम करतं ते जाणून घ्या

मोबाइल जास्त तापला की तो स्वतःच वॉर्निंग देतो, चार्जिंग थांबवतो. जुना ट्रॅक्टर यातलं काहीच करत नाही. त्याच्या डॅशबोर्डवर फक्त एक काटा असतो, आणि नेमक्या वाईट वेळी तो काटा उलटं सांगू शकतो. हे कळायला आमच्या घरी २५,८५० रुपये गेले.

नेमकं काय झालं?

सांगली जिल्ह्यात आमचा ऊस असतो. गेल्या हंगामात आबा, म्हणजे माझे वडील, भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याला निघाले. रेडिएटरचा खालचा रबरी पाइप चिरला होता आणि पाणी रस्ताभर गळत होतं. चढावर काटा लाल पट्ट्याकडे गेला, मग हळूहळू आपोआप खाली आला. आबांना वाटलं, चढ संपला, इंजिन गार झालं. पुढे दोनेक किलोमीटरवर ओढ कमी झाली, जळका वास आला आणि ट्रॅक्टर जागेवर थांबला. मागून येणाऱ्या एकाने मदत म्हणून पाटाचं बादलीभर गार पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. तापलेल्या हेडला तिथेच तडा गेला.

काटा खाली का आला?

गेजचा सेन्सर पाण्याच्या वाटेत बसवलेला असतो. आमच्यासारख्या इलेक्ट्रिक गेजमध्ये तापमान वाढलं की सेन्सरचा रेझिस्टन्स कमी होतो आणि काटा वर चढतो. पण हा सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो, इंजिनचं नाही. पाणी त्याच्या पातळीखाली गेलं की तो हवेत लोंबकळतो. हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही, त्यामुळे रीडिंग उतरतं आणि धातू मात्र तापतच राहतो. ऑफिसमध्ये मी हेच पाहिलंय: लॉग पाठवणारी सर्व्हिसच बंद पडली की डॅशबोर्डवर एरर शून्य दिसतात आणि सगळे खूश!

बिल एवढं का आलं?

हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये हेड पॅकिंग असतं. ते सिलिंडरमधला दाब, पाणी आणि ऑइल एकमेकांपासून वेगळं ठेवतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबल्यामुळे ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं, म्हणून तिथे दाबही प्रचंड असतो. इंजिन अति तापलं की हेड वाकतं आणि पॅकिंग फुटतं. आमचं पाणी ऑइलमध्ये मिसळलं होतं. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत होतं. असा रंग दिसला तर इंजिन चालू करूच नका, नाहीतर बेअरिंगही जातात.

मिस्त्रींनी हेड नवीनच टाकायला सांगितलं: १४,००० रुपये. पॅकिंग सेट २,२००, ऑइल आणि फिल्टर २,८००, मजुरी ५,०००, ओढून नेण्याचे १,५००. आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो पाइप? ३५० रुपये. दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने लावून बाकीचा ऊस पोचवला, तो खर्च यात धरलेलाच नाही. आई म्हणाली, विकून टाका. आबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मग करायचं काय?

काटा अचानक वर जाऊन कारण नसताना खाली आला तर तो धोका समजा. थांबा, खाली वाकून गळती बघा. पाणी शिल्लक असेल तर लोड काढून इंजिन थोडा वेळ आयडलवर चालू द्या. पाणीच गेलं असेल तर लगेच बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण निघालं की ते वाफ होऊन अंगावर उडतं. इंजिन गार झाल्यावरच पाणी घाला.

बोअरचं पाणी रोज ओतायची सवय आमच्याकडेही होती. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. कूलंट महाग वाटतं, पण ते गंजही रोखतं.

(याआधी डिझेल संपून लाइनमध्ये एअर धरली होती. ती काढायला मिस्त्रींनी दहा मिनिटांचे ५०० रुपये घेतले. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. मी व्हिडिओ काढून ठेवला, आता आबा स्वतः करतात.)

हेड बसल्यावर मी थर्मोस्टॅटच्या बोल्टखाली रिंगवाला सेन्सर लावला. तो थेट धातूचं तापमान घेतो आणि मर्यादा ओलांडली की बझर वाजतो. आबा त्याला भोंगा म्हणतात. परवा वायर सैल होऊन भोंगा उगाचच वाजला. आबांनी आधी इंजिन बंद केलं, खाली वाकून पाइप पाहिला आणि मग मला फोन करून शिव्या घातल्या.