चुकलेला डाव : दोष कुणाचा?

श्रोतेहो, जत्रेच्या मैदानात कुस्ती ऐन रंगात आलेली असावी, हलगी कडकडत असावी, आणि एकाएकी एखादा गडी वेडावाकडा पडून उठूच नये, असा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मग मैदानात एकच प्रश्न असतो : चुकले कुणाचे? ज्याने डाव टाकला त्याचे, असे म्हणून लोक मोकळे होतात. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही.

मुळात डाव म्हणजे नुसती ताकद नव्हे. डाव म्हणजे वेळ. धोबीपछाड घ्या. समोरच्याचा हात धरून त्याच्याकडे पाठ वळवायची आणि धोबी धुणे आपटतो तसा त्याला खांद्यावरून फेकायचा. तो पुढे झेपावत असेल त्याच क्षणी डाव लागला, तर त्याचेच वजन त्याला वाहून नेते आणि तो पाठीवर येतो. पण तो जागीच थबकला, आणि डाव टाकणाऱ्याचे गुडघे अर्ध्यावर लटपटले, तर वरचा गडी पाठीऐवजी डोक्यावर येतो. सगळा भार मानेवर! पडणाऱ्याचीही एक खोड असते. पडता पडता तो हात जमिनीला टेकवायला जातो, आणि कोपर नाहीतर खांदा निखळतो. म्हणून चांगला वस्ताद पोराला डाव शिकवण्याआधी पडायला शिकवतो. हौदा नीट उकरलेला नसेल तर तेही शिक्षण फुकट जाते. कडक मातीवर पडणे आणि फरशीवर पडणे यांत फारसे अंतर नाही. आता हौदा न उकरण्याचा दोष डाव टाकणाऱ्याच्या माथी कसा मारणार?

हा विचार नवा नाही बरे का. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या शेजारचेच. त्या ग्रंथात मल्लविनोदाचे वेगळे प्रकरण आहे. मल्लांची वर्गवारी वय, अंगयष्टी आणि बळ पाहून केली आहे. त्यांच्या आहाराचा आणि मेहनतीचाही विचार आहे. कुणाची जोड कुणाशी, याचा विवेक नऊशे वर्षांपूर्वी दरबारात होता. आमच्या काही यात्रा कमिट्यांपेक्षा सोमेश्वर पुढे होता असे म्हटले, तर कुणी रागावू नये. इनामाचा आकडा आणि गावाची ईर्षा पाहून जोड लावली की पन्नास किलोचा पोर पासष्ट किलोच्या गड्यासमोर उभा राहतो. तिथे डाव चुकण्याआधीच चूक होऊन गेलेली असते.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली झाली ती आपल्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. संघटित कुस्तीने वजनगट आणले, गुण आणले, घड्याळ आणले. घड्याळाचे महत्त्व खाशाबा जाधवांना विचारायला हवे होते. १९५२ साली हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीईशी दीर्घ लढत होताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. मध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. दमलेल्या मल्लाला डाव दिसतो, पण हात क्षणभर उशिरा जातो.

अलीकडे दोषाचे बोट पंचाकडे वळू लागले आहे. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरील टांगेला चार गुण दिले, त्यावर महाराष्ट्रभर वाद माजला. २०२५ साली अहिल्यानगरला पाठ टेकली की नाही यावरून पंचांशी झटापट झाली आणि शिवराज राक्षे यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. गुणांसाठी एवढा कल्लोळ होतो. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यात एका यात्रेच्या मैदानात मान मोडून एक कोवळा मल्ल गेला, तेव्हा जोड कुणी लावली हे किती जणांनी विचारले?

एक वेगळी दुनियाही आहे. मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या झुंजींना तोबा गर्दी होई. अशा तिकीट लावून दाखवायच्या कुस्तीत फेकणारा आणि फेकला जाणारा दोघे मिळून डाव पार पाडतात. उडी अर्धा क्षण चुकली तरी घात. १९९९ साली न्यूयॉर्कजवळ डॅरेन ड्रोझडोव्ह असाच एका डावात मानेवर पडला आणि कायमचा लुळा झाला. जोडीदाराला त्याने कधी दोष दिला नाही. २००९ साली हिरोशिमात मित्सुहारू मिसावा पाठीमागे फेकण्याच्या एका डावात गेले. डाव नेहमीचाच होता. वर्षानुवर्षे मार सोसलेली मान मात्र पूर्वीची राहिली नव्हती.

मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डोके आणि पाय टेकून कमान केलेल्या मल्लाला उचलून आपटायला मनाई आहे. त्याला दाबूनच खाली आणावे लागते. गावच्या मैदानात हा नियम पुकारून सांगायला खर्च काहीच नाही. शिक्षक मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मानेवर पडलेल्या पोराला चार जण हातापायाला धरून उचलतात, पाणी पाजतात, उठवून बसवतात. अर्धवट दुखावलेली मान कित्येकदा तिथेच पुरती जाते. त्याला आहे तिथे पडू द्यावे, एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे, गर्दी हटवावी आणि १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत पुढची कुस्ती लावू नये.